वाटीचा हिशेब तराजूवर

धान्य मापाने मोजण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली या मापांत माल किती मावतो ते कळते. तो वजनाला किती भरतो ते कळत नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि बाजारात किलो-ग्रॅम रुळले. घरात वाटी राहिली. रोजच्या भाताचे तिच्यावाचून अडत नाही. पण दिवाळीची नानकटाई बेकरीत भाजायला न्यायची, किंवा बचत गटाने विकायला करायची, तर वाटीची किलोशी गाठ पडतेच. मुंबईच्या वेशीवरील पेणकरपाड्यासारख्या वस्तीत गिऱ्हाईक दाराशी असते. तेथे हा हिशेब चुकला, तर घाटा आपल्याच पदरी येतो.

वाटी एक, वजने अनेक

भाईंदरच्या मिठागरातील खडे मीठ आणि बारीक दळलेले मीठ एकाच वाटीने मोजून तोला. बारीक मीठ जास्त भरेल, कारण खड्यांमधील फटींत हवा असते. पिठाचेही तसेच. मैदा चाळून अलगद भरला तर कमी भरतो, दाबून भरला तर बराच जास्त.

२०० मिलिलिटरची सपाट वाटी साधारण अशी भरते:

मैदा (अलगद) – १०५ ग्रॅम
बेसन – ९० ग्रॅम
रवा – १४० ग्रॅम
दाणेदार साखर – १७० ग्रॅम
पिठीसाखर – १०० ग्रॅम
पातळ तूप – १८० ग्रॅम
दूध – २०५ ग्रॅम

आपली वाटी केवढी, हे पाण्याने ठरवावे. रिकामी वाटी तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. जितके ग्रॅम वाढले, तितक्या मिलिलिटरची वाटी.

नानकटाईचे उदाहरण

घरचे प्रमाण असे धरू: मैदा २ वाट्या, बेसन अर्धी, पिठीसाखर १, तूप १. आता १ किलो मैद्याची नानकटाई करायची आहे. मैद्याच्या निम्मे म्हणून अर्धा किलो साखर व अर्धा किलो तूप घेतले, तर काय होईल? साखर जवळपास बरोबर येते, कारण पिठीसाखर मैद्याइतकीच हलकी असते. तूप मात्र फसवते. २ वाट्या मैदा २१० ग्रॅम आणि १ वाटी तूप १८० ग्रॅम. म्हणजे १ किलो मैद्याला सुमारे ८५० ग्रॅम तूप हवे. अर्धा किलोच घातले तर पीठ मिळून येत नाही आणि नानकटाई कोरडी, टणक होते.

१ किलो मैद्याला बेसन २१५, पिठीसाखर ४७५ आणि तूप ८५० ग्रॅम, असे वजन लिहून ठेवावे.

साखर वाटी भरून मग दळायची की दळून मग मोजायची, हेही विचारून घ्या. दाणेदार साखरेची वाटी १७० ग्रॅम भरते. १ किलो मैद्याला ती ८१० ग्रॅमवर जाईल. नानकटाई अतिगोड होऊन पसरेल.

विक्रीचा भाव

बचत गटाने भाव ठरवताना तूप अर्धा किलो धरले आणि घातले ८५० ग्रॅम, तर ३५० ग्रॅम तुपाची किंमत भावात येतच नाही. तूप ६०० रुपये किलो धरले, तर दर किलो मैद्यामागे २१० रुपये हातचे गेले. दिवसभराची मजुरी यातच बुडते.

एवढे पाळा

एकच वाटी कायम ठेवावी. प्रत्येक जिन्नस तीनदा भरून तोलावा व सरासरी लिहावी. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करण्यास विसरू नये. सोडा, वेलची यांसारखे चिमूटभर जिन्नस मात्र चमच्यानेच घ्यावेत. साध्या काट्यावर २-३ ग्रॅम नीट कळत नाहीत. पाकिटावर निव्वळ वजन लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात पाकिटाचे वजन धरू नये.

हा तक्ता आपल्या वाटीप्रमाणे करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मग घाणा घरचा असो वा विक्रीचा, चव आणि भाव दोन्ही हाती राहतील.