मुक्कामाचे पैसे घ्या, मैल्याचे नको

कामशेतहून पवनानगरकडे निघालात, की डाव्या-उजव्या हाताला भातखाचरं लागतात, पुढे धरणाचं पाणी दिसतं आणि तिकोण्याचा त्रिकोणी माथा समोर उभा राहतो. पायथ्याला तिकोणा पेठ. शनिवारी संध्याकाळी या बाजूला किती गाड्या येतात हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. कुणी किल्ल्यासाठी येतो, कुणी पवनेच्या काठी तंबू ठोकायला. जुलै 2025 मध्ये शेजारचा लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे या पट्ट्यातली वर्दळ कमी होईल असं धरून चालू नका.

या गर्दीत आता एक नवी गाडी दिसू लागली आहे. तिला कॅराव्हॅन म्हणतात. साध्या भाषेत बिऱ्हाडाची गाडी. आत झोपायला पलंग, चहा-जेवणाचा ओटा, आणि बहुतेक गाड्यांत संडासही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये खास कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. केरळनेही त्याच वर्षी असं धोरण जाहीर केलं. म्हणजे ही गाडी हौशी माणसाचं खूळ म्हणून सोडून देता येणार नाही.

असा गाडीवाला गावात आला की त्याचे प्रश्न दोनच. रात्रभर फुकट किंवा स्वस्तात गाडी कुठे लावू? आणि गाडीतला मैला कुठे ओतू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देतो. दुसरा प्रश्न तो मोठ्याने विचारतही नाही. पहाटे अंधारात ओढ्याच्या कडेला गाडी उभी करतो, पाइपाचं झाकण उघडतो आणि निघून जातो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी याचा विचार आजच केला पाहिजे.

गाडीतळ आपल्याला नवा नाही

परक्याच्या गाडीला रात्रीचा थारा देणं ही आपली जुनीच रीत. बैलगाड्यांच्या दिवसांत मोठ्या गावाच्या वेशीवर गाडीतळ असे. बैल सोडायला जागा, पाण्याचा हौद, सावलीला वड. पुण्याजवळ हडपसरला तर ‘गाडीतळ’ हे नाव अजून टिकून आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 उघडून बघा. कलम 124 मध्ये ग्रामपंचायतीला ज्या फी बसवता येतात, त्यांत गाडीतळ आणि टांगातळ आहेत. टांगे गेले, कायद्यातला शब्द राहिला.

देशावरचा धनगर मेंढरं घेऊन येतो तेव्हा काय होतं? शेतकरी आपणहून त्याला रानात बोलावतो. रात्रभर मेंढरं बसवतो आणि वर धान्य किंवा पैसे देतो. कारण सकाळी रानात लेंडीखत पडलेलं असतं. इथे मुक्कामाला आलेल्याची घाण हीच शेतकऱ्याची कमाई.

कॅराव्हॅनचं गणित मात्र उलटं आहे. माणसाचा कच्चा मैला रानात टाकता येत नाही. त्यात जंत, कावीळ, हगवण, विषमज्वर यांची बीजं असतात. शिवाय गाडीच्या संडासात वास मारण्यासाठी औषध घालतात. काही औषधांत फॉर्मेलिनच्या जातीचं रसायन असतं. ते जंतू मारतं, आणि सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. मेंढरं बसवल्यासारखी ही गाडी रानात बसवून भागणार नाही.

गाडीत असतं काय?

अशा गाडीत तीन टाक्या असतात. पहिली चांगल्या पाण्याची. दुसरी भांडी धुतलेल्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासाची. लहान गाडीत तिसऱ्या टाकीऐवजी 20 लिटरच्या आसपासचा सुटा डबा असतो. तो बॅगेसारखा बाहेर काढून ओततात. मोठ्या गाडीत हीच टाकी शे-दीडशे लिटरचीही असते. डबा दोन-तीन दिवसांत भरतो. म्हणजे पुण्याहून शुक्रवारी निघालेला माणूस रविवारी तुमच्या गावात असेल, तर त्याला तो कुठेतरी रिकामा करायचाच आहे.

एक हिशेब करून पाहा. दहा मोठ्या गाड्यांनी प्रत्येकी 100 लिटर ओतलं, तर 1000 लिटर झालं. असे पाच रविवार गेले की 5000 लिटरची टाकी भरली. ही फार मोठी गोष्ट नाही. एका टाकीत मावणारी आणि टँकरच्या एका-दोन खेपांत निघणारी घाण आहे. हीच घाण ओढ्यात गेली तर मात्र तिचा हिशेब कुणालाच लागत नाही.

पाणी कुठे जातं ते पाहा

आपल्या मुलुखाचा उतार लक्षात घ्या. तिकोणा आणि तुंग यांच्यामध्ये पवनेचं पाणी साठलं आहे. अवतीभवतीच्या डोंगरावर पडलेला थेंब ओढ्याने तिकडेच जातो. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मेमध्ये बांधाआड टाकलेली घाण जूनच्या पहिल्या झडीत खाली उतरते. वाटेत विहिरी आहेत, गुरांची पाणवठ्याची जागा आहे आणि भाताची रोपं आहेत.

धरणातून नदीत सोडलेलं पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडला प्यायला दिलं जातं. या पाण्याची किंमत मावळाला कुणी शिकवायची गरज नाही. 9 ऑगस्ट 2011 रोजी बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. ज्या पाण्यासाठी माणसं गेली, त्यात पर्यटकाचा मैला मिसळू द्यायचा का, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावा.

दुसरीकडे कसं चालतं?

अमेरिकेत अशा गाड्या फार. तिथे मोठ्या दुकानांच्या अंगणात, मालकाची परवानगी असेल तर, रात्री फुकट गाडी लावू देतात. सरकारी मोकळ्या रानातही बऱ्याच ठिकाणी साधारण 14 दिवस फुकट राहता येतं. पण मैला ओतण्याची जागा वेगळी असते. छावणीत, काही पेट्रोल पंपांवर किंवा हमरस्त्यावरच्या विसाव्याच्या ठिकाणी. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे पडतात. म्हणून मुक्काम फुकट मिळाला तरी लोक ‘कुठे ओतायचं’ याची यादी जवळ बाळगतात.

आपल्याला जास्त जवळची रीत फ्रान्सची. तिथल्या लहान लहान ग्रामपंचायती गावाच्या कडेला या गाड्यांसाठी तळ ठेवतात. एक नळ, एक सिमेंटचा उतरता ओटा, त्यात मैल्याचं झाकण. काही ठिकाणी मुक्काम फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे. गाडीवाला गावात पाव घेतो, भाजी घेतो, हॉटेलात जेवतो, आणि गावाचा खर्च निघतो. तिथे शेतकऱ्यांची एक योजनाही आहे. द्राक्षबागेचा किंवा गोठ्याचा मालक सभासदाच्या गाडीला एक रात्र फुकट जागा देतो. विकत घ्यायची सक्ती नाही. पण अट एक, गाडीत स्वतःचा संडास हवा आणि शेतात थेंब सांडायचा नाही.

आपल्या ढाबेवाल्यांची रीतही हीच. जेवा, आणि रात्रभर गाडी लावा. मग इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या मावळच्या शेतकऱ्याने का मागे राहावं? रात्रीचा थारा फुकट देऊन सकाळी दहा किलो तांदूळ, दूध, गावठी अंडी विकली, तरी तो धंदा तोट्याचा नाही.

मेख इथे आहे

आता मुद्द्याचं. बहुतेक गावं काय करतात? गाडी लावायची पावती फाडतात आणि बाकीचं देवावर सोडतात. एखाद्या गावाने मैल्याची टाकी बांधलीच, तर वापरायचे वेगळे पैसे लावण्याचा मोह होतो. हे करू नका. मैला ओतायला पैसे पडतात म्हटल्यावर निम्मे लोक ओढा शोधतील. ओढ्यावर पावती फाडायला कुणी बसलेलं नसतं.

म्हणून उलटं करा. पैसे घ्यायचेच असतील तर मुक्कामाचे घ्या, आणि त्यातच मैल्याचा खर्च धरा. ओतण्याची जागा फुकट ठेवा, कुलूप लावू नका, रात्री दिवा ठेवा. मुक्काम न करता नुसता ओतायला आला तरी ओतू द्या. त्याने तुमच्या टाकीत ओतलं म्हणजे तुमच्या विहिरीत ओतलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे येणाऱ्या शंभर गाड्यांत अशी गाडी एखादी. बाकी सगळ्या साध्या मोटारी आणि टेम्पो ट्रॅव्हलर. बरोबर आहे. त्या लोकांकडे तर डबाही नाही. ते झुडपामागे जातात. तेव्हा तळावर बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन संडास बांधा, आणि त्याच टाकीला गाडीवाल्यांसाठी तोंड ठेवा. एका खर्चात दोन्ही कामं होतील. गाड्यांची औषधं मिसळणार असल्याने टाकीचा उपसा मात्र वेळेवर हवा.

जागा आणि बांधणी

आधी जागेचा सातबारा पाहा. गावठाणाची जागा असेल तर ग्रामसभेत ठराव करा. धरणकाठची बरीच जमीन संपादित, जलसंपदा खात्याची आहे. डोंगरउतारावर वनखातं आहे. तिथे परवानगीशिवाय गाड्या बसवल्या तर उद्या नोटीस गावालाच येईल. फीचा दर बसवण्याआधी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

खासगी शेतकऱ्याला दोन वाटा आहेत. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली किमान 1 एकर शेती असलेल्याला केंद्र नोंदवता येतं. 2021 च्या कॅराव्हॅन धोरणाने खासगी जागेतही कॅराव्हॅन पार्कची वाट मोकळी केली. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे.

बांधताना एवढं पाळा. ओटा सिमेंटचा, मधोमध उतार, मध्ये चार इंची पाइप आणि घट्ट झाकण. भोवती वीतभर उंच कट्टा, म्हणजे पावसाचं पाणी टाकीत शिरणार नाही. धुवायला वेगळा नळ, आणि त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ असं मोठ्या अक्षरात. पिण्याचा नळ लांब. टाकी बंदिस्त हवी, झिरपणारी नको, कारण पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं. भांड्याच्या पाण्यासाठी शोषखड्डा चालेल, पण विहिरीपासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

टाकी भरली की सक्शन टँकर बोलवा. माणूस आत उतरवू नका. 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि टाकीतला वायू क्षणात जीव घेतो. टँकरवाला मैला कुठे नेतो हे विचारा. जवळच्या शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात रिकामा केल्याची पावती मागा. नाहीतर तुमच्या गावातून उपसलेला मैला शेजारच्या गावच्या ओढ्यात पडायचा. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी घरोघरच्या टाक्या ठरल्या वर्षी उपसायच्या आणि मैल्यावर प्रक्रिया करायची अशी पद्धत बसवली आहे. लहान गावांनी तालुका पातळीवर एकत्र येऊन असाच एक टँकर ठेवला तर खर्च वाटला जाईल.

पैसे कुठून, असं विचाराल. स्वच्छ भारत मिशनच्या 2020 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी आणि मैला व्यवस्थापन हे विषय आले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. तेव्हा या कामाला शासनाच्या वहीत जागा आहे. आराखड्यात नाव घालायचं काम गावाचं.

आणि हे जमणार नाही असं म्हणू नका. आपल्या शेजारच्या देहूतून निघणाऱ्या पालखीबरोबर लाखो माणसं मुक्कामाला थांबतात. 2015 पासून ‘निर्मल वारी’त मुक्कामाच्या गावी फिरते संडास लावले जाऊ लागले. पूर्वी पालखी गेल्यावर गावकऱ्यांना नाक धरून रान साफ करावं लागे, त्यात मोठा फरक पडला. लाखोंची सोय होते, मग शनिवारच्या पन्नास गाड्यांची का होऊ नये?

येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्या. तळाची जागा ठरवा, मुक्कामाचा दर ठरवा किंवा फुकट ठेवा, आणि टाकीची जागा आखा. मग रस्त्यावर पाटी लावा: ‘मुक्काम इथे करा. मैला इथेच ओता. पैसे नाहीत. ओढ्यात ओतल्यास दंड.’ आणि ही पाटी किल्ल्याच्या वाटेवर नको, गावात शिरतानाच लावा. गाडीवाल्याने जागा शोधायच्या आधी ती त्याला दिसली पाहिजे.