जुन्या नकाशांतील पाणवठे : म्हैसूरच्या कावलांचा धडा

म्हैसूर पठाराच्या कोरड्या पट्ट्यात, विशेषतः चित्रदुर्ग, तुमकूर व हासन जिल्ह्यांत, अमृतमहल गुरांसाठी राखून ठेवलेली कुरणे ‘कावल’ या नावाने ओळखली जातात. उन्हाळी, पावसाळी व हिवाळी असे त्यांचे वर्गीकरण होते. उन्हाळी कावल बहुधा तलावाच्या पोटात असे. तेथे पाणी व सावली दोन्ही मिळत. चराईचे नियोजन गवताइतकेच पाण्यावर अवलंबून होते.

या प्रदेशाचे पद्धतशीर मापन १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर सुरू झाले. कॉलिन मॅकेन्झी यांनी म्हैसूरचे सर्वेक्षण हाती घेतले, तर विल्यम लॅम्बटन यांनी १८०० मध्ये बंगळूरजवळ त्रिकोणमितीय मापनाची आधाररेषा मोजली. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने एका मैलास एक इंच व त्यानंतर १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे तयार केले.

या नकाशांत पाणी असलेले प्रवाह व तलाव निळ्या रंगात, तर कोरडे पडणारे ओढे व तलाव काळ्या रेषांत दाखवितात. तपकिरी समोच्च रेषांवरून पाणलोटाची सीमा कळते. म्हणून जुना व नवा नकाशा शेजारी ठेवल्यास कोणता तलाव आटला, कोणता ओढा शेतात वा वस्तीत लुप्त झाला, हे ध्यानात येते. पाणलोट आराखडा करताना ही माहिती मोलाची ठरते. ओढ्याची वाट बुजली असल्यास केवळ गाळ काढून तलाव भरणार नाही.

तथापि काही मर्यादा लक्षात घ्याव्यात. नकाशावरील सर्वेक्षणाचे वर्ष प्रथम वाचावे. छपाईचे वर्ष निराळे असू शकते. १:५०,००० प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. त्यामुळे लहान चर, झरे व डबकी त्यात आढळतीलच असे नाही. समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असल्याने बांध वा शेततळ्याची जागा त्यावरून निश्चित करू नये. त्यासाठी प्रत्यक्ष उतार मोजावा. मालकी व हद्दीसाठी महसुली गटनकाशाच पाहावा.

महाराष्ट्रातील गायरानांसाठीही हीच पद्धत उपयुक्त आहे. नकाशावरील प्रत्येक पाणवठा एप्रिल-मे महिन्यांत गावातील जाणत्या गुराख्यांसमवेत पाहावा आणि आजची स्थिती नोंदवावी. पाण्याची वाट शाबूत असलेल्या तलावाचा गाळ आधी काढावा. वाट बुजलेल्या ठिकाणी प्रथम ओढा मोकळा करावा.