जुने ‘टॉय हॉलर’ घेताना
अमेरिकेत ‘टॉय हॉलर’ म्हणजे मोटारीमागे ओढले जाणारे असे फिरते घर, की ज्याचे मागचे दार उतारासारखे उघडते आणि आत मोटारसायकली ठेवता येतात. ते जुने घेताना चकचकीत स्वयंपाकघरापेक्षा मागची जमीन तपासणे शहाणपणाचे, कारण छताच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी प्लायवूड आतल्या आत कुजवते. याहून फसवा धोका वजनाचा: जोडदांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार असावा लागतो, परंतु मोटारसायकली चाकांच्या आसामागे उभ्या केल्या की तो घटतो आणि वेगात ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचा ‘2318’ सारखा आकडा, म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा, वाचावाच. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते.