‘अचानक’ गेला म्हणजे काय?

“सकाळी बरा होता हो, अचानकच गेला.” मे महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर कुत्र्याबद्दल हे वाक्य ऐकायला मिळतं. मग तर्क सुरू होतात: कुणी विष घातलं असेल, साप चावला असेल. उष्माघाताचं नाव फारसं कुणी घेत नाही. तो विदर्भात, तेलंगणात होतो. आपल्या पणजीत पारा ३३-३४ अंशांच्या आसपास, असं आपण धरून चालतो.

पण कुत्र्याच्या बाबतीत नुसता पारा बघून चालत नाही. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. त्याचा खरा भरवसा धापांवर. धाप टाकताना जिभेवरची, तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि शरीरातली उष्णता घेऊन जाते. हवाच दमट असेल, तर ही ओल उडणार कशी? पावसाच्या तोंडावर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तसंच हे. शिवाय जोरात धापा टाकणं म्हणजे स्नायूंची मेहनत. त्यातून आणखी उष्णता तयार होते.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी यांना इजा होऊ लागते. रक्त गोठण्याची यंत्रणाही बिघडते. ही इजा ताप उतरला तरी थांबेलच असं नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारचा एक कुत्रा दुपारी कोसळला, संध्याकाळी उठून पाणी प्यायला. सगळ्यांना वाटलं, वाचला. पहाटे तो गेला. तेव्हाही लोक ‘अचानक’च म्हणाले.

रस्त्यावरचा कुत्रा दुपारी काय करतो बघा. ओली माती उकरून तिच्यात पोट टेकतो, गटाराकडेला जातो, सावली सरकली की आपणही सरकतो. बांधलेल्या कुत्र्याला हे करता येत नाही. सकाळी सावलीत बांधलेला दुपारी एकला उन्हात असतो, खाली तापलेलं सिमेंट, वर पत्रा. पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे, लठ्ठ, म्हातारे आणि दाट केसांचे कुत्रे तर आणखी लवकर हरतात.

न थांबणाऱ्या धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या: यातलं काही दिसलं की वाट बघू नका. सावलीत न्या, विहिरीचं किंवा नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा. ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवू नका, तो गरम होतो आणि उष्णता कोंडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि बरा वाटला तरी डॉक्टरकडे न्याच.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला अवाजवी आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि पुरेसं पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. पण कायद्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. दुपारी एक वाजता, आपला कुत्रा जिथे बांधलाय तिथल्या जमिनीवर पाच मिनिटं अनवाणी उभं राहून बघा.