16 लिटरचा समुद्र : छोटा रीफ टँक वर्षानुवर्षं स्थिर कसा ठेवायचा?

आमटी गॅसवर जास्त वेळ राहिली की खारट लागते. मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी आटलेलं असतं. छोट्या रीफ टँकचं सगळ्यात मोठं दुखणं नेमकं हेच आहे.

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा ॲक्वेरियम, ज्यात माशांपेक्षा प्रवाळ महत्त्वाचं असतं. माझा टँक 20 लिटरचा आहे आणि त्यात 16 लिटर पाणी आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात तो गेली चार वर्षं चालू आहे. त्याच्या आधीचा मात्र आठ महिन्यांत गेला. तो का गेला, ते समजलं म्हणून हा टिकला. आज तेच सांगतो.

छोट्या पाण्याचं गणित

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 16 लिटरमध्ये 560 ग्रॅम. एप्रिलमध्ये पंखा चालू असताना माझ्या टँकमधून रोज अर्धा लिटर पाणी उडतं. क्षार उडत नाहीत, ते आहेत तिथेच राहतात. तीन दिवस लक्ष दिलं नाही तर 14.5 लिटर पाणी उरतं आणि 560 ग्रॅम तेवढ्यातच. आकडा 35 वरून 38.6 वर जातो. 200 लिटरच्या टँकमधून तेवढ्याच वेळात 10 लिटर उडालं तरी आकडा 37 च्या आत राहतो.

म्हणून उडालेलं पाणी रोज भरायचं, आणि ते गोडं भरायचं. खारं भरलं तर रोज मीठ वाढत जाईल. नवीन लोकांची ही चूक हमखास होते.

हे गोडं पाणी कुठलं? घरच्या आरओचं पाणी बऱ्याचदा चालत नाही. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे टीडीएस मीटरवर 50 ते 100 सहज दिसतात. आपल्याला शून्याच्या जवळचं पाणी हवं. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक फिल्टर लावावा लागतो. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध दिसतं, पण ते तांब्याच्या कॉइलवरून येतं. तांबं प्रवाळांना, शंख-कोळंबीला विषासारखं असतं. ते वापरू नका.

माझा पहिला टँक कसा गेला

रोज पाणी भरायचा कंटाळा, म्हणून मी ऑटो टॉप-ऑफ बसवला. पाण्याची पातळी खाली गेली की सेन्सर पंप चालू करतो, वर आली की बंद. शेजारी 10 लिटरचा कॅन ठेवला आणि गणपतीला पाच दिवस गावी गेलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुझ्या दाराखालून पाणी येतंय बाहेर."

सेन्सरच्या तरंगत्या गोळीवर मिठाचे खडे साचले होते. गोळी खालीच अडकली आणि पंप थांबलाच नाही. पहिल्या चार लिटरमध्ये टँक काठोकाठ भरला, आकडा 28 वर आला. पुढचे सहा लिटर आत येत राहिले आणि तेवढंच खारं पाणी बाहेर वाहून गेलं. मी परत आलो तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवर 21 होते. गोबी मासा वाचला, कारण मासे असा बदल काही प्रमाणात सोसतात. कोळंबी, शंख आणि आठ महिने वाढवलेली मशरूम प्रवाळं गेली. पाण्याला कुजका वास येत होता. आपल्या आळसापायी जिवंत प्राणी मेले, ही गोष्ट मनातून जायला वेळ लागला.

सेन्सर खराब होता असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण सेन्सर कधीतरी बिघडणारच. खरी चूक 10 लिटरच्या कॅनची होती. आता माझ्या टॉप-ऑफची बाटली फक्त एक लिटरची आहे. ती पूर्ण ओतली गेली तरी 16 चे 17 लिटर होतील आणि आकडा 33 च्या आसपास येईल. तेवढं चालून जातं. छोट्या टँकमध्ये कुठलंही यंत्र बसवताना एकच प्रश्न विचारा : हे बिघडलं, तर जास्तीत जास्त किती नुकसान करू शकेल?

उन्हाळा आणि लाईट

टँकचं तापमान मी 25-26 अंशांच्या आसपास ठेवतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच 33-34 वर जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वावर. पण गारवा बाष्पीभवनातून येतो, म्हणजे पंखा लावला की पाणी जास्त उडणार आणि टॉप-ऑफ वाढवावा लागणार. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो. तिथे टँक एसीच्या खोलीत ठेवणंच बरं.

लाईट गेली की दुसरी अडचण येते. पंप बंद पडला की पाणी हलत नाही आणि त्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. मी 5 व्होल्टवर चालणारा 3 वॅटचा यूएसबी पंप वापरतो. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 वॅट-अवर ऊर्जा असते. रूपांतरातली गळती वजा केली तरी पंप आठ-नऊ तास चालतो. मात्र स्वतः चार्ज होत असतानाच पुढे वीज देऊ शकणारी पॉवर बँक घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर केबल बदलायला तुम्ही घरी हवेत.

छोटेपणाचा फायदा

आतापर्यंत छोट्या पाण्याच्या तक्रारीच सांगितल्या. पण एक गोष्ट अशी आहे, जी फक्त छोट्या टँकवाल्यालाच परवडते : अर्धं पाणी दर आठवड्याला बदलणं.

समजा, खाण्यातून आणि विष्ठेतून दर आठवड्याला एक माप घाण तयार होते. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं, तर घाण साचत साचत 10 मापांवर जाऊन थांबते. 50 टक्के बदललं तर ती 2 मापांच्या वर जातच नाही. हेच उलट्या बाजूने कॅल्शियम आणि इतर क्षारांना लागू पडतं. प्रवाळं ते वापरत असतात, आणि नव्या पाण्यातून ते परत मिळतात. 200 लिटरवाल्याला यासाठी दर आठवड्याला 100 लिटर खारं पाणी बनवावं लागेल. मला आठ लिटर लागतं. एक बादली, आणि साधारण 300 ग्रॅम रीफ सॉल्ट.

"इतकं पाणी बदललं तर चांगले जिवाणू जाणार नाहीत का?" हा प्रश्न मलाही पडला होता. नाही जात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः दगडावर आणि वाळूवर चिकटून असतात, पाण्यात फार थोडे.

माझा शनिवारचा क्रम असा :

- शुक्रवारी रात्री बादलीत पाणी आणि रीफ सॉल्ट मिसळून पंप चालू ठेवतो. स्वयंपाकाचं मीठ नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम लागेल तितकं नसतं. चौपाटीचं पाणीही नाही, त्यात सांडपाणी असतं.
- सकाळी नव्या पाण्याचं तापमान आणि क्षारता टँकशी जुळवतो.
- प्लॅस्टिकच्या पिचकारीने दगडांच्या फटीत पाण्याचे फवारे मारतो. आतला गाळ वर येतो आणि जुन्या पाण्याबरोबर निघून जातो.
- मग नळीने अर्धं पाणी काढून नवीन हळूहळू भरतो.

तिसरी पायरी टाळू नका. बरेच टँक पहिल्या वर्षी छान असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कारण नसताना बिघडल्यासारखे वाटतात. कारण असतं, ते फटीत साचलेलं असतं.

आणखी एक. सॉल्ट निवडताना त्याचा केएच बघा. पाकिटातलं पाणी 11 केएचचं आणि टँक 7 वर असेल, तर अर्धं पाणी बदलताच टँक 9 वर उडी मारेल. दर आठवड्याला असा झटका नको. 7 ते 8 च्या आसपासचं सॉल्ट घ्या आणि तेच कायम ठेवा.

काय ठेवावं, काय नाही

आपल्याकडे कडक सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. मालवणला स्नॉर्केलिंग करताना दिसणारं प्रवाळ तिथेच राहू द्या. समुद्रातून काढलेला दगडही आणू नका. सिरॅमिकचे दगड घ्या आणि जिवाणू स्थिरावायला महिना-दीड महिना द्या. माझ्याकडे मशरूम आणि झोअँथिड आहेत, दोन्ही मऊ अंगाची. घेताना माल कुठून आला ते विचारा, बिल घ्या.

काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका. ती वाफ श्वासात गेल्याने माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

मासा मी आता ठेवत नाही. वाचलेला गोबी मोठा टँक असलेल्या मित्राकडे दिला. मासा नाही म्हणजे खाणं कमी, आणि खाणं कमी म्हणजे घाण कमी.

यंदाही गणपतीला गावी जाणार आहे. टॉप-ऑफचा प्लग काढून ठेवीन आणि काकूंकडे पाच बाटल्या देईन. पंखा बंद असताना रोज किती पाणी उडतं ते मोजून भरलेल्या, प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी. रोज एक ओतायची. काकूंनी गेल्या वर्षी विचारलं होतं, "दोन दिवसांचं एकदम ओतलं तर चालेल का रे?" मी म्हटलं, "काकू, अगदीच नाही जमलं तर चालेल, पण रोजचं रोज ओतलंत तर जास्त बरं." त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.