आणखी एकाची बोली

तळेगावात जेसीबीचा कारखाना, धारवाडात टाटा हिताचीचा, आणि या दोन्ही गावांना जोडणारा महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगाव करत जातो. कोगनोळीच्या टोलनाक्यावर ट्रेलरवर बसलेले नवेकोरे पिवळे किंवा केशरी धूड आता कुणी वळून बघत नाही. मला कुतूहल आहे ते या यंत्रांच्या दुसऱ्या आयुष्याचे. दहा हजार तास राबलेला, बकेटचे दात झिजलेला वीस टनांचा पोकलेन विकायला काढला, तर त्याची किंमत ठरते कशी?

गुळाला रोज भाव फुटतो, सोयाबीनला फुटतो. जुन्या पोकलेनला बाजारभाव असा नसतोच. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन यंत्रांपैकी एकाने निपाणीच्या काळ्या मातीत चर खणले असतील, दुसऱ्याने खडीच्या खाणीत काळा पाषाण फोडला असेल. मीटरवर तास सारखे, पण आतली झीज वेगळी. त्यामुळे किंमत म्हणजे अंदाज, आणि तो अंदाज पूर्वी दोन-तीन दलालांच्या फोनवर ठरे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून जसा सौदा होई, तसाच हाही व्यवहार. आकडा दोघांनाच ठाऊक असायचा.

ऑनलाइन लिलावाने हा रुमाल उचलला. बँका आणि फायनान्स कंपन्या हप्ते थकलेली यंत्रे असे विकतात, कंत्राटदार काम संपल्यावर विकतात, सरकारी खातीही विकतात. १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आज असे लिलाव चालवते, आणि रेल्वे आपल्या संकेतस्थळावर भंगार याच पद्धतीने काढते. कर्नाटकात २०११ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणींतले लोहखनिजसुद्धा ई-लिलावाने विकले गेले. गोव्यात २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा तिथले टिपर आणि यंत्रे जागच्या जागी उभी राहिली. काम थांबले तरी हप्ता थांबत नाही.

रीत साधी आहे. यंत्राचे फोटो, इंजिन आणि चासी क्रमांक, कागदपत्रे संकेतस्थळावर येतात. यार्डात जाऊन बघायचे दिवस ठरलेले असतात. अनामत भरली की बोलीचा हक्क मिळतो. राखीव किमतीपासून ठरावीक टप्प्याने आकडा चढतो, आणि बोली कोणाची हे सहसा इतरांना दिसत नाही.

चमत्कार यापुढे आहे. समजा, एका पोकलेनसाठी चौघे बसले आहेत. कोणी १२ लाखांपर्यंत जाईल, कोणी १४, कोणी १५, आणि चौथा १७ पर्यंत. चौथा जिंकतो, पण १७ देत नाही. १५ वाला गप्प झाला की लिलाव संपतो, त्यामुळे यंत्र १५ च्या थोडे वर जाते. आता बेळगावच्या उद्यमबागेतला एक पाचवा माणूस मोबाइल उघडतो. या शहरात फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचे जाणते कारागीर आहेत. इतरांना जो गळका सिलिंडर म्हणजे मोठा खर्च वाटतो, तो याच्या शेडमध्ये नीट होणार आहे. त्याच्या लेखी यंत्राची किंमत १९ लाख. यंत्र आता १७ च्या वर जाते. यंत्र तेच, यार्ड तेच, पण एक माणूस वाढला आणि विकणाऱ्याच्या हाती दोन लाख अधिक पडले.

जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्पेरर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली गणिताने दाखवले की काही सर्वसाधारण गृहीतकांखाली, मोजक्या ग्राहकांशी कितीही कौशल्याने केलेल्या घासाघिशीपेक्षा एक ग्राहक जास्त असलेला साधा लिलाव विकणाऱ्याला सरासरीने अधिक देतो. वाटाघाटीतले सगळे चातुर्य एकीकडे आणि एक जास्तीचा माणूस दुसरीकडे! हे वाचून मला निपाणी आठवली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक याच महामार्गावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले, तेव्हा दुखणे हेच होते. पिकवणारे हजारो, घेणारे मोजके व्यापारी.

घेणारे मोजके असले की संगनमतही सोपे होते. आवारातल्या लिलावात दलाल एकमेकांकडे बघून गप्प बसू शकतात. समोरची बोली कागलची की हुबळीची हेच कळत नसेल, तर गप्प कोणी कोणाला बसवायचे?

नियमातला छोटासा फरकही माणसांची वागणूक पालटतो. ई-बेवर लिलाव ठरलेल्या क्षणी बंद होई. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात अखेरीस बोली आली की मुदत दहा मिनिटे वाढे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली दोन्हींची तुलना छापली. ई-बेवर शेवटच्या क्षणी बोलींची झुंबड उडे, ॲमेझॉनवर ती फारच कमी. आपल्याकडच्या अनेक ई-लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली पडली की वेळ आणखी पाच मिनिटे वाढते. खेडेगावात नेट अडखळणाऱ्यालाही त्यामुळे उत्तर द्यायला सवड मिळते. मला हा नियम फार न्यायाचा वाटतो.

पण जिंकणारा नेहमीच जाणकार असतो असे नाही. कधी तो फक्त सर्वांत जास्त चुकलेला असतो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या बोलींवर १९७१ साली तीन अभियंत्यांनी निबंध लिहिला आणि हा धोका मांडला. जिन्नस सर्वांना सारखाच मोलाचा, पण अंदाज प्रत्येकाचा वेगळा असेल, तर लिलाव त्यालाच मिळतो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला. २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या रॉबर्ट विल्सन यांनी या सापळ्याचा सखोल अभ्यास केला आहे.

त्यावर उपाय जुनाच आहे, यार्डात जाणे. सोबत फिटर न्या. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. बूम उचलून इंजिन बंद करा आणि थांबा; ती भराभर खाली बसू लागली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला. चेन, रोलर, स्प्रॉकेट बारकाईने बघा, कारण चेनच्या यंत्राच्या देखभालीतला निम्म्यापर्यंत खर्च तिथेच जातो. माल ‘आहे तिथे, आहे तसा’ विकला जातो, नंतर तक्रारीला जागा नसते. सीमाभागात आणखी एक काळजी हवी. चाकांचा जेसीबी एमएच ०९ चा असेल आणि तो केए २३ करायचा असेल, तर ना-हरकत पत्र, नव्या राज्यातला कर आणि आधीच्या कर्जाची नोंद उतरवणे हे सगळे बोलीच्या आकड्यातच धरा.

आणि ज्याचे यंत्र थकलेल्या हप्त्यांपायी लिलावात गेले, त्यानेही त्या दिवशी तोंड लपवून बसू नये. ओळखीच्या चार कंत्राटदारांना लिलावाची तारीख कळवावी. भाव जेवढा चढेल तेवढे त्याचेच देणे कमी होते. सरफेसी कायद्याखाली विक्री झाली असेल, तर कर्ज आणि खर्च वळता करून उरलेली रक्कम हक्कदाराला द्यावी, असे कलम १३(७) सांगते. तो हिशेब लेखी मागा.