सोशल मीडियाचे नियम आणि कंपनीचा स्वभाव

नव्या नोकरीत रुजू होताना नियुक्तीपत्रासोबत कागदांचा जो गठ्ठा हाती पडतो, त्यात हल्ली एक कागद हमखास असतो. फेसबुक, एक्स, लिंक्डइन, व्हॉट्सअ‍ॅप यांवर कर्मचाऱ्याने काय लिहावे आणि काय लिहू नये, हे सांगणारा. बहुतेक जण तो न वाचताच सही करतात. वास्तविक कंपनीच्या संकेतस्थळावर ‘आमची मूल्ये’ या मथळ्याखाली जे छापलेले असते, त्याहून या कागदावरून कंपनीची अधिक खरी ओळख होते. मूल्ये जगाला दाखवण्यासाठी लिहिली जातात. हा कागद मात्र बऱ्याचदा भीतीपोटी लिहिलेला असतो आणि ती भीती नेमकी कोणाची, हे त्याच्या भाषेत उतरतेच.

पहिला प्रश्न, हे नियम लिहिले कोणी? अमेरिकेत २००२ मध्ये हेदर आर्मस्ट्राँग यांची नोकरी ब्लॉगवरील लिखाणामुळे गेली आणि त्यांच्या ब्लॉगच्या नावावरून ‘डूस्ड’ हा शब्दच इंग्रजीत रूढ झाला. त्यानंतरच्या काळात अनेक कंपन्यांनी वकिलांकडून मनाईची कलमे तयार करून घेतली. आयबीएमने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच कंपनीच्या अंतर्गत विकीवर एकत्र बसून स्वतःसाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहिली. आपण कोण आहोत हे लपवू नका, मत आपले स्वतःचे आहे हे स्पष्ट करा, कंपनीची गुपिते फोडू नका, उगाच भांडणे उकरून काढू नका, चूक झाली तर ती स्वतःच आधी दुरुस्त करा, असा त्यांचा सूर होता. कर्मचारी बोलणारच आहेत, तेव्हा ते शहाणपणाने बोलोत, हे गृहीतक त्यामागे होते. ‘कोणीही बोलू नये’ या गृहीतकावर उभ्या असलेल्या नियमावलीपेक्षा ते मुळातच निराळे.

दुसरा प्रश्न शब्दांचा, आणि येथे अमेरिकेतील कामगार कायद्याचा अनुभव फार बोलका आहे. तेथील १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचे सातवे कलम कर्मचाऱ्यांना वेतन आणि कामाच्या अटी यांविषयी एकत्र येऊन बोलण्याचा हक्क देते. त्यासाठी कामगार संघटना असलीच पाहिजे असे नाही. कनेक्टिकट राज्यातील एका रुग्णवाहिका कंपनीतील महिला कर्मचाऱ्याने घरच्या संगणकावरून फेसबुकवर आपल्या वरिष्ठाविषयी संतापून लिहिले, सहकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला आणि पुढे तिची नोकरी गेली. कंपनी व वरिष्ठ यांच्याविषयी अनुदार बोलण्यास त्या कंपनीच्या नियमांत मनाई होती. हे प्रकरण राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे गेले. २०११ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली आणि कंपनीला आपले नियम बदलण्याचे मान्य करावे लागले.

पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, या मंडळाचे तत्कालीन प्रभारी महाअभिवक्ता लेफ सोलोमन यांनी सात कंपन्यांच्या नियमावल्या तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील सहांमध्ये काही ना काही बेकायदा आढळले. दोष बहुधा एकाच जातीचा होता: अनुचित, अनादरपूर्ण, गोपनीय असे शब्द वापरायचे आणि त्यांचा अर्थ मात्र सांगायचा नाही. पगार कमी आहे असे म्हणणे अनुचित ठरते का? पाळ्यांचे वेळापत्रक गोपनीय आहे का? कर्मचाऱ्याला कळत नाही आणि न कळल्यामुळे तो गप्प बसतो. अस्पष्ट शब्दाची सारी ताकद याच संभ्रमात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंडळाने कॉस्टकोच्या प्रकरणात कंपनीची किंवा कोणाचीही प्रतिष्ठा डागाळणारे लिहू नये, हा नियमही याच कारणाने रद्द ठरवला.

सातवी, निर्दोष ठरलेली नियमावली वॉलमार्टची होती. तीतही अनुचित मजकुराला बंदी होतीच. परंतु अनुचित म्हणजे काय, तर भेदभाव करणारी शेरेबाजी, छळ, हिंसेच्या धमक्या, अशी उदाहरणे दिलेली होती. आता गंमत अशी, की वॉलमार्ट ही कामगार संघटनांना कसून विरोध करणारी कंपनी म्हणून ओळखली जाते आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिच्या दुकानांबाहेर कर्मचाऱ्यांनी निदर्शनेही केली. म्हणजे कायद्याच्या कसोटीवर नियमावली उत्तम उतरली, तरी आतील वातावरण मोकळे असेलच असे नाही. चांगले वकीलही अशी नियमावली लिहून देऊ शकतात. अस्पष्ट नियमावलीबद्दल मात्र इतकी शंका घेण्याचे कारण नसते. (अशा नियमांकडे किती कठोरपणे पाहायचे, याविषयी त्या मंडळाची भूमिका २०१७ मध्ये मालकांच्या बाजूने सैल झाली व २०२३ मध्ये पुन्हा कडक झाली.)

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ते खासगी कंपनीचे नव्हे, राज्यातील एका अत्यंत मोठ्या नियोक्त्याचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी शासन निर्णय काढला. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागदपत्रे परवानगीशिवाय टाकू नयेत, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करावे, या सूचनांना कोणी हरकत घेणार नाही. खरी मेख पुढे आहे. राज्य वा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. शासकीय योजनांच्या यशासाठी केलेल्या प्रयत्नांविषयी मात्र लिहिता येते, केवळ त्यात स्वतःची स्तुती नको. हा निर्णय कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. म्हणजे ज्याला कायम नोकरीचे कोणतेही संरक्षण नाही, त्याच्यावरही मौनाचे बंधन आहेच.

प्रशासन निःपक्षपाती दिसले पाहिजे, हा यामागचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु निःपक्षपातीपणात स्तुतीलाही तेवढीच मनाई असायला हवी होती. ज्या दिशेने बोलणे चालते आणि ज्या दिशेने चालत नाही, त्यावरून त्या संस्थेला शिस्त हवी आहे की होकार, हे समजते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये फेसबुकवरील मजकुराच्या एका प्रकरणात, सरकारी नोकरीत शिरल्याने अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही, असे स्पष्ट केले होते. सेवानियमांची मर्यादा मात्र न्यायालयानेही मान्य केली होती.

नियम कागदावर कसे आहेत याइतकेच ते कोणावर चालवले जातात, हेही महत्त्वाचे. बीबीसीने मार्च २०२३ मध्ये फुटबॉलचे सूत्रसंचालक गॅरी लिनेकर यांना ब्रिटिश सरकारच्या आश्रित-धोरणावरील ट्विटबद्दल पडद्यावरून दूर केले. सहकाऱ्यांनी काम नाकारले. ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सूत्रसंचालक व समालोचकांविना वीस मिनिटांत उरकावा लागला आणि दोन दिवसांनी लिनेकर यांच्या पुनरागमनाची घोषणा झाली. त्यानंतर नियमांचा फेरविचार होऊन सप्टेंबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. एवढ्या मोठ्या नावाच्या पाठीशी सहकारी उभे राहिले. मालवाहतूक कंपनीच्या गोदामातील कारकुनासाठी कोण उभे राहील?

जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातील अधिकाऱ्याची चित्रफीत देशभर फिरली. ऑनलाइन बैठकीत तो कनिष्ठांवर उद्दिष्टांसाठी आरडाओरडा करीत होता. चित्रफीत पसरल्यावर बँकेने त्याला निलंबित केले. अंतर्गत बैठकीचे चित्रण बाहेर देणे, हे बहुतेक कंपन्यांच्या सोशल मीडिया नियमांत थेट गैरवर्तन ठरते. त्या बैठकीतल्या ज्या कोणी ते बाहेर दिले, त्याच्याकडे तक्रारीची दुसरी वाट होती का, आणि असल्यास तिच्यावर त्याचा विश्वास का नव्हता, हा प्रश्न निलंबनाच्या बातमीत कोठेतरी हरवूनच गेला.